डोंगराळ हाफ मॅरेथॉन: दम चढावर लागतो, वेळ उतारावर जातो

सपाट रस्त्यावर सव्वादोन तासांत हाफ (२१.१ किमी) करणारा माणूस डोंगरातल्या मार्गावर अडीच तास घेतो आणि खापर फोडतो चढावर. पण घड्याळातले किलोमीटरवार आकडे उघडले की बऱ्याचदा वेगळंच दिसतं. चढावर तो फारसा मागे पडलेलाच नसतो. वेळ गेलेला असतो उतारावर आणि त्यानंतरच्या शेवटच्या सपाट पट्ट्यात, म्हणजे नेमका जिथे तो भरून निघायला हवा होता तिथे.

एकदा कागदावर मांडूनच बघा. समजा सुरुवातीला २ किमी सपाट, मग ८ किमी चढ, त्याच रस्त्याने ८ किमी उतार आणि शेवटी ३.१ किमी सपाट. चढाई ३२० मीटर, म्हणजे चढाची सरासरी ४ टक्के. पळणाऱ्याचा सपाटीवरचा हाफचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ६:३० मिनिटं; पूर्ण हाफला २ तास १७ मिनिटं. पळणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा चालतो: दर १ टक्का चढाला किलोमीटरमागे साधारण ८ सेकंद जातात आणि दर १ टक्का उताराला ५ सेकंद परत मिळतात. मग चढावर किलोमीटरला ३२ सेकंद गेले, ८ किलोमीटरला २५६. उतारावर २० सेकंद मिळाले, ८ किलोमीटरला १६०. निव्वळ तोटा ९६ सेकंद. चढ तीव्र असला किंवा पळणारा संथ असला तर हा ठोकताळा अपुरा पडतो, म्हणून तोटा दुप्पट धरा. तरी तीन-सव्वातीन मिनिटं होतात. अडीच तासांपर्यंतची बाकीची दहा मिनिटं गेली कुठे?

त्यातली बरीचशी गेली चढावर ६:३०चा पेस राखायच्या हट्टात. ४ टक्के चढावर ६:३०ने पळायला जेवढा जोर लागतो, तेवढ्यात सपाटीवर जवळजवळ ५:५८ पडतात. २:१७ची हाफ करणाऱ्यासाठी हा झाला पाच किलोमीटरच्या शर्यतीतला, जीव तोडून पळायचा वेग. तो जेमतेम अर्धा तास टिकतो. इथे चढच ५२ मिनिटांचा आहे. शिवाय हे सगळं तिसऱ्या किलोमीटरला सुरू होतं, तेव्हा पाय ताजे असतात, आजूबाजूची गर्दी ओढत असते आणि काही चुकतंय असं वाटतही नाही. या पळणाऱ्याने चढावर ७:०० ते ७:१० दिसू द्यायला हवेत आणि शेजारून पुढे जाणाऱ्यांना खुशाल जाऊ द्यायला हवं. त्यातले बरेच जण पंधराव्या किलोमीटरला भेटतात.

मार्गाचा चढ-उताराचा आलेख बघताना दोन गोष्टींनी फसगत होते. पहिली म्हणजे आलेखातली उंची ताणून दाखवलेली असते, त्यामुळे साधा चढही भिंतीसारखा दिसतो. दुसरी उलटी: सरासरी. ४ टक्के सरासरीच्या पोटात ९ टक्क्यांचे ४०० मीटर लपलेले असू शकतात आणि दम तिथेच निघतो. म्हणून प्रत्येक किलोमीटरची चढाई वेगळी काढा. एका किलोमीटरमध्ये जितके मीटर चढाई, त्याला १० ने भागलं की टक्के मिळतात. एक चिठ्ठी करा: कोणता किलोमीटर किती टक्के, कुठे पाणी, कुठे चालायचं. बिबच्या (छातीवरच्या नंबराच्या कागदाच्या) मागे चिकटवलेली अशी चिठ्ठी डोंगरात घड्याळापेक्षा जास्त कामाला येते.

कारण घड्याळ तिथे गोंधळतं. जीपीएस ठरावीक वेळाने जागा टिपतं आणि ते ठिपके जोडतं, त्यामुळे एकापाठोपाठ आलेल्या अरुंद वळणांवर त्याचा रस्ता खऱ्या रस्त्यावरून घसरतो. डोंगराच्या आडोशाने सिग्नल बिघडतो तो वेगळाच. त्या घडीचा पेस बघून वेग ठरवायचा असेल तर नाद सोडा. हृदयाचे ठोकेसुद्धा चढ लागल्यावर लगेच वाढत नाहीत. आकडा वर जाईपर्यंत मिनिटभर निघून जातं आणि तेवढ्या वेळात जो जास्तीचा जोर लावायचा तो लावून झालेला असतो. भरवशाचा राहतो तो श्वास. चढावर चार-पाच शब्दांचं वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. दोनच शब्द निघत असतील तर वेग जास्त आहे, मग घड्याळ काही का म्हणेना. आणखी एक बारकावा: नियमाने मोजलेल्या मार्गाचं अंतर सर्वात जवळच्या शक्य रेषेवर, वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून धरलेलं असतं. तुम्ही प्रत्येक वळण बाहेरून घेतलंत तर २१.१ऐवजी तीन-चारशे मीटर जास्त पळाल. तीव्र वळणाची आतली बाजू मात्र जवळची असली तरी जास्त उभी असते. चढताना अशा वळणावर मधून गेलेलं परवडतं.

चढावरच्या पद्धतीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती बहुतेकांना अंगवळणी पडते. पावलं लहान करा, पण त्यांचा ताल तोच ठेवा. पुढे झुकायचं ते घोट्यांपासून, कमरेतून नाही. कमरेत वाकलं की छाती दबते, श्वास उथळ होतो आणि पाठ भरून येते. नजर आठ-दहा मीटरवर. हात जरा जोरात मागे गेले की पाय आपोआप मागोमाग येतात. पूर्ण चढ चवड्यांवर पळलात तर पोटऱ्या संपतील, तेव्हा जमेल तिथे टाच टेकू द्या.

चालण्याबद्दल मात्र लिहायला हवं, कारण तिथे अहंकार आडवा येतो. ८-१० टक्क्यांच्या पुढे संथ पळणाऱ्याचा वेग झपाझप चालणाऱ्याच्या वेगापेक्षा फारसा वेगळा उरत नाही आणि दमछाक मात्र बरीच जास्त होते. अशा ठिकाणी चालायचं हे आधीच ठरवा: ६० पावलं पळा, ३० चाला, पुन्हा ६०. मोजून चालणारा आणि धाप लागली म्हणून थांबलेला यांच्यात फरक असा, की पहिल्याला पुन्हा पळायला लागताना त्रास होत नाही. दुसऱ्याचा श्वास ताळ्यावर यायलाच दोन-तीन मिनिटं लागतात.

माथा दिसला की जोर लावायचा मोह होतो. तो टाळा. माथ्यावर पोचल्यावर १०० मीटर त्याच जोराने चालू ठेवा, श्वास खाली येऊ द्या आणि मगच उताराला लागा.

आता उतार. इथे दम लागत नाही, ठोके खाली येतात, त्यामुळे आपण आराम करतोय असं वाटतं. मांडीच्या पुढच्या स्नायूंचं मात्र तेव्हाच सगळ्यात कठीण काम चालू असतं. प्रत्येक पाऊल टेकताना गुडघा थोडा वाकतो आणि अंगाचा भार तोलताना तो स्नायू आखडलेल्या अवस्थेतच ताणला जातो. अशा ताणाने स्नायूचे धागे सूक्ष्म पातळीवर फाटतात. त्याला ऑक्सिजन कमी लागतो म्हणून फुप्फुसं गप्प बसतात आणि इशारा कुठूनच येत नाही. तो येतो १८ किलोमीटर संपल्यावर, रस्ता सपाट झाला की. पाय उचलायला गेलं की मांड्या लाकडासारख्या लागतात आणि ६:३०चा पेस ७:३०वर जातो. हरवलेल्या दहा मिनिटांचा उरलेला हिशोब इथे लागतो.

हा मार वाढतो तो ब्रेक मारल्याने. भीतीने अंग मागे जातं, पाय लांब पुढे पडतो, टाच आपटते, गुडघा जवळजवळ सरळ असतो. प्रत्येक पावलाला वेग मारायचा आणि पुढच्या पावलाला पुन्हा मिळवायचा असा हा खेळ होतो. त्याऐवजी अंग उताराला काटकोनात राहील इतपत पुढे असू द्या. पाऊल कमरेच्या खालीच पडलं पाहिजे, गुडघा किंचित वाकलेला, पावलं लहान आणि भराभर, मिनिटाला १७५-१८०च्या आसपास. कोपर थोडे बाहेर काढले की तोल राहतो. कानाने तपासणं सोपं आहे: पायांचा फट्‌-फट्‌ आवाज येत असेल तर ब्रेक लागतायत. ओल्या रस्त्यावर रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं टाळा, उतारावर पाय तिथेच सटकतो. रस्ता पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरता केलेला असतो. वाहनं बंद असतील तर मधून पळा, एकाच कडेने किलोमीटरच्या किलोमीटर पळलं की एका गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते.

बोटांची वाट लागते तीही उतारावरच. पाय बुटात पुढे सरकतो, अंगठ्याचं नख पुढच्या कापडावर हजारो वेळा आपटतं आणि काळं पडतं. नखं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी कापा. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. टाच जखडायची एक सोपी पद्धत आहे. बुटाला सगळ्यात वर, घोट्याकडे एक जादा भोक असतं आणि बहुतेक जण ते रिकामंच ठेवतात. नाडी त्याच बाजूच्या या भोकातून बाहेरून आत घ्या, पण पूर्ण ओढू नका, छोटा फास शिल्लक ठेवा. दोन्हीकडे असे फास झाले की डावी नाडी उजव्या फासातून आणि उजवी डाव्यातून काढा, दोन्ही खाली खेचा आणि मग गाठ मारा. उतारावर उभं राहून दोन-तीनदा पाय आपटून बघा. अंगठा टेकला नाही म्हणजे जमलं.

सराव करताना लोक चढ मन लावून चढतात आणि उतार चालत उतरतात. हिल रिपीटमध्ये, म्हणजे एकच चढ पुन्हा पुन्हा पळताना, ते बरोबरच आहे: ५-६ टक्के चढावर ६० ते ९० सेकंद जोरात, असे ६-८ वेळा, उतरताना हळू. पण फक्त एवढंच केलं तर मांड्या शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच खरा उतार बघतात. दहा आठवडे हाताशी असतील तर चौथ्या आठवड्यापासून उतार वेगळा करा. ३-५ टक्के उतारावर ४०० मीटर चार वेळा, सावकाश. दोन दिवस मांड्या दुखतील. पुढच्या वेळी तेवढ्याच अंतराला बऱ्याच कमी दुखतात, कारण अशा ताणाचा एकदा अनुभव घेतलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच्यासाठी तयार राहतो. मग वाढवत १ किलोमीटर तीन वेळा करा. जोरातला शेवटचा उतार शर्यतीच्या १० ते १४ दिवस आधी, त्यानंतर नाही. लाँग रनमध्ये (सरावातल्या लांब पल्ल्याच्या पळण्यात) चढाईचं प्रमाण मार्गाइतकं ठेवा: २१ किलोमीटरला ३२० मीटर म्हणजे किलोमीटरला १५, तर १६ किलोमीटरच्या लाँग रनला २४० मीटर.

जवळ टेकडी नसेल तर चढासाठी ट्रेडमिल, पूल, गाड्या चढवायचा रॅम्प, काहीही चालतं. उताराची अडचण मोठी, कारण बहुतेक ट्रेडमिल खाली झुकत नाहीत. तिथे पायरीचा व्यायाम करा. साधारण २० सेंटिमीटर उंच पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय पुढे हवेत, आणि तीन-चार सेकंद घेत टाच जमिनीला टेकेपर्यंत खाली जायचं. प्रत्येक पायावर १२ वेळा, असे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. गुडघा आत वळत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या.

खाण्याचं थोडक्यात. दीड तासाच्या वरच्या पळण्याला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात, एका जेलमध्ये (पळताना गिळायच्या गोड, घट्ट पाकिटात) साधारण २०-२५ ग्रॅम असतात. प्रश्न प्रमाणाचा नाही, वेळेचा आहे. तीव्र चढावर धापा टाकताना जेल गिळवत नाही आणि उतारावर पोट हिंदकळतं. म्हणून चढाच्या दहा मिनिटं आधी एक आणि माथ्याच्या आसपास, चालण्याच्या टप्प्यात, दुसरं घ्या. पाणी तहानेप्रमाणे प्या. भीतीपोटी प्रत्येक ठिकाणी पेला रिकामा केला तर रक्तातलं सोडियम घसरण्याचा धोका असतो. दुखेल म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन पळणं तर बंदच करा. घाम आणि थकव्यात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यात काही गोळ्या भर घालतात.

दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. दोन्ही मांड्या सारख्याच, सगळीकडे दुखत असतील तर ते अपेक्षितच आहे. एकाच पायाला, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी कळ असेल तर ती दुखापत समजा. लघवी गडद तपकिरी झाली तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरकडे जा. पहिले तीन-चार दिवस सपाटीवर नुसतं चाला. पुढचा उताराचा सराव दोन आठवड्यांनी, आणि तोवर जिना कठडा धरून, पाठमोरं उतरलेलं बरं.