दोन सूत बाक

दिवाळीच्या पाडव्यादिवशी सकाळी आमचे हे व्हर्नियर (बारीक माप मोजायचं हत्यार) घेऊन नवीन किचनमध्ये उभे होते. हे बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपला असल्यामुळे आमच्या घरात व्हर्नियर असतोच, चष्म्याच्या डब्याशेजारी. फ्रिजजवळच्या उंच कपाटाचं शटर, म्हणजे दार, लावून मधोमध राहिलेली फट मोजली आणि म्हणाले, "सहा पॉइंट चार." काय सहा पॉइंट चार? तर म्हणे एमएम, शटर वर टेकतंय, खाली टेकतंय, मधलं पोट बाहेर आलंय. बाकीची तीन बघितली, तीही तशीच. मी तिथंच खाली बसले. मिस्त्रींना फोन केला तर पलीकडून शांतपणे, "म्हणजे दोन सूतच की वो अक्का, तेवढं चालतंय." (सुताराचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला या किचनपायी कळलं.)

आता मुळापासून सांगते. शहापुरातलं आमचं घर जुनं, किचनमध्ये कडप्प्याचा ओटा, खाली पडदा आणि भिंतीला सासूबाईंचं सागवानी फडताळ. किचन करूया किचन करूया म्हणून तीन वर्षं मीच मागं लागले होते, ह्यांना काही नको होतं, सासूबाई तर "आहे ते काय वाईट हाय?" एवढंच म्हणायच्या. शेवटी २०२५ च्या जुलैत काम काढलं. बजेट १,८५,०००, आणि गणपती २७ ऑगस्टला, त्याच्या आत संपवायचं ही माझीच अट. बेळगावचा जुलै कसा असतो हे इथल्यांना सांगायला नको, गॅलरीतले टॉवेल चार दिवस ओलेच, मिठाच्या बरणीत पाणी, आणि तशात टमटममधून प्लायवूड आलं, वर ताडपत्री, दुसऱ्या गेटला रेल्वेसाठी अर्धा तास थांबून, आणि आल्यावर ते ठेवलं कुठं तर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकून.

प्लाय घेताना मात्र मी अगदी हुशारी केली होती. साधा एमआर नको, पाण्यात टिकणारा ७१० नंबरचाच पाहिजे, आयएसआयचा शिक्का दाखवा. त्यातला डिंक ७२ तास पाण्यात उकळला तरी थर सुटत नाहीत अशी त्याची टेस्ट असते. दुकानदारापुढं हे सगळं बोलून झाल्यावर मी ह्यांच्याकडं अशी बघितले की बघा. आणि मग इतका भारी प्लाय घेऊन मी पैसे वाचवले कुठं? मिस्त्री म्हणाले होते शटरला आतून पण मायका लावूया, पातळ असला तरी चालतो. मी विचारलं किती वाढतील, ते म्हणाले नऊ-दहा हजार, मी म्हटलं आतून कोण बघालंय, कलर मारा. हे वाक्य लक्षात ठेवा.

काम संपलं गणपतीच्या दोन दिवस आधी. मिस्त्री पसारा आवरून गेले आणि मी एकटी किचनमध्ये उभी राहिले, फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकायचा म्हणून मोबाईल हातात होता, तो तसाच परत ठेवला. शोरूममध्ये जो पिस्ता कलर बघून मी भाळले होते तो घरात आल्यावर सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखा दिसालता. शोरूममध्ये पिवळसर स्पॉटलाईट आणि आमच्याकडं पांढरीफेक ट्यूब, कलर तोच, उजेड वेगळा, एवढी साधी गोष्ट. मायक्याचा हाताएवढा तुकडा घरी आणून सकाळी एकदा आणि रात्री एकदा ओट्याशेजारी धरून बघायला काय झालं होतं मला?

दुसरी गंमत कोपऱ्यात. आमचा ओटा एल आकाराचा, दोन्ही बाजूंचे ड्रॉवर कोपऱ्याला अगदी चिकटून केलेले, म्हणजे चमच्यांचा ड्रॉवर ओढला की शेजारच्याच्या हँडलला ठक्क. अर्धाच उघडतो. कोपऱ्यात दोन-तीन इंचाची कोरी पट्टी सोडायची असते, ती मिस्त्रींनी सोडली नाही आणि मी कागदावरचं ड्रॉइंग बघून "मस्त" म्हणून सही केली होती. तिसरी गोष्ट वासाची. मायका चिकटवायचं सोल्युशन पावसाळी हवेत लवकर उडत नाही, आणि मी गणपतीच्या करंज्या करून डबा नवीन कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी एक तोंडात घातली, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "सारणात काय घातलीस ग?"

यातलं मी कुणालाच काही बोलले नाही. बोलणार कसं, हट्ट माझा, कलर माझा, सही माझी. आलेगेले "छान झालंय की" म्हणायचे, मी "हो की" म्हणायची, आणि रात्री सगळे झोपल्यावर चमच्यांचा ड्रॉवर हळूच ओढून बघायची, जणू आपोआप दुरुस्त होणार आहे. त्यात पाऊस गेला, कोरडं ऊन सुरू झालं, आणि दिवाळीत हा बाक.

पण व्हर्नियर निघाला आणि एक झालं, ह्यांनी मला काही बोलून न दाखवता एक मास्किंग टेपचं बंडल आणलं. जिथं जिथं खटकतंय तिथं तुकडा चिकटवायचा आणि पेनने लिहायचं, त्यांच्या शॉपमध्ये रिजेक्ट माल असाच मार्क करतात म्हणे. मी चिकटवत सुटले. सव्वीस तुकडे झाले. खरं सांगते, सव्वीस आकडा बघून बरं वाटलं, कारण तोवर मला 'सगळं किचनच वाया गेलं' असं वाटत होतं आणि आता ते फक्त सव्वीस ठिकाणी वाया गेलेलं होतं. त्यातले अकरा तर ह्यांनी त्याच संध्याकाळी स्क्रूड्रायव्हरने काढले. आतल्या कपवाल्या बिजागरीला दोन स्क्रू असतात, एकाने शटर डावी-उजवीकडं सरकतं, दुसरा ढिला केला की पुढं-मागं, आणि आम्ही दोन महिने त्या वाकड्या फटी बघत बसलो होतो!

राहिली मोठी कामं. मिस्त्रींचे तीस हजार अजून द्यायचे होते म्हणून फोन तरी उचलायचे, पण प्रत्येक वेळी उत्तर एकच, "नाळि बर्तेन्री." उद्या येतो. पूर्वी कर्नाटकात भुताला परतवायला दारावर 'नाळे बा' लिहायचे, भूत वाचून उद्या यायचं म्हणून परत जायचं. हे म्हणाले, आपण 'इवत्त बा' लिहूया, मिस्त्री तरी आज येतील.

आले शेवटी एका रविवारी. मी भांडायच्या तयारीनेच चहा ठेवला होता. त्यांनी टेपचे तुकडे वाचले, कानडीत काहीतरी पुटपुटले, वाकलेल्या शटरवर आतून हात फिरवला आणि मला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेले. तिथं फडताळ ठेवलं होतं. त्याच्या दारावरची मधली फळी अंगठ्याने दाबली, ती किंचित हलली. म्हणाले, "बघा अक्का, हिला खिळा नाही. चौकटीच्या खाचेत मोकळी सोडलेली हाय. पावसात फुगती, उन्हात आकसती, दार सरळच." आणि आमची शटरं? बाहेरून मायका म्हणजे ओलीला दार बंद, आतून नुसता कलर म्हणजे ओलीला दार उघडं, पावसाळ्यात आतली बाजू ओल प्याली, उन्हात ती एकटीच आकसली आणि शटराची वरची-खालची टोकं आत ओढली गेली. प्लाय ७१० असो नाहीतर काहीही. दोन्ही बाजूला मायका असता तर दोन्हीकडून ताण सारखा बसला असता. "मी म्हटलं होतं," एवढं हळूच बोलले. मी चहात साखर घालायला आत गेले.

मग तोडगा निघाला तो असा, चार शटरं नवीन, दोन्ही बाजूंनी मायका, प्लाय अर्धा त्यांचा अर्धा आमचा, कारण ओल्या शेडमध्ये ठेवायला तेही नको म्हणाले नव्हते. कोपऱ्यातला एक ड्रॉवर अडीच इंचाने अरुंद केला आणि तिथं पट्टी मारली. ते काम आठवडाभर रखडलं तेवढ्यात सासूबाईंनी नडणारं हँडल काढून टाकायला लावलं आणि त्या भोकातून जुन्या शहापुरी साडीच्या काठाची दोरी ओवली. नवीन हँडल आलं तरी दोरी काढू दिली नाहीत, अजून आहे. ट्यूब काढून जरा पिवळसर एलईडी लावले, दवाखाना गेला, पिस्ता पूर्ण आला असं काही म्हणता येणार नाही.

नवीन चार शटरांचा मायका दुसऱ्या लॉटचा आला, कोड तोच पण एक छटा फिकट. मला तर दारातूनच दिसतं. संक्रांतीला नणंद आली होती, तिला उभं केलं आणि म्हटलं, ओळख कुठली चार नवीन. तिने बराच वेळ बघून सिंकखालची दाखवली.