टिपऱ्यांचे आबा आणि माझी उलटी मिशी

चवथीच्या आधी घर झाडताना माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि आत आजोबांच्या वह्या सापडल्या, मग झाडू राहिला बाजूला आणि मी दुपारभर तिथेच फतकल मारून वाचत बसलो. गोव्यात आमच्या फोंड्याकडच्या जुन्या घरांतून असतं तसंच आमच्याकडेही, बोलायचं कोंकणीत आणि लिहायचं मराठीत. आजोबा आयुष्यभर भांडले कोंकणीत आणि हिशेब ठेवले मराठीत. "पाडेली आला. नारळ 212. पैकी 30 लहान. संध्याकाळी पाऊस." (पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा.) बस. रोज दोन ओळी, कधी तीन, भावनाबिवना काही नाही.

आणि वाचता वाचता मला सारखे दिलीप प्रभावळकर आठवायला लागले. म्हणजे श्रीयुत गंगाधर टिपरे. 2001 ला अल्फा मराठीवर ही सिरीयल सुरू झाली (आताचं झी मराठी, तेव्हा अल्फा होतं) तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आमच्या वाड्यावर केबल नुकतीच आलेली, पावसात दर दोन दिवसांनी जायची. मूळ लेखन प्रभावळकरांचंच, लोकसत्तेतलं अनुदिनी हे सदर, एका साध्या घराच्या रोजनिशीतलं. म्हणजे टिपऱ्यांचं घर त्यांनी आधी कागदावर बांधलं आणि मग त्यात स्वतःच आबा होऊन राहायला गेले. तेव्हा त्यांचं वय 57 च्या आसपास, म्हणजे आबांपेक्षा बऱ्यापैकी तरुण माणूस, पण मला ते तेव्हा कधीच जाणवलं नाही. राजन भिसे मुलगा, शुभांगी गोखले सून, त्यांच्यात वयाचं अंतर फार नसणार, पण कोणाला संशय तरी आला का?

आमच्या आजोबांना टीव्हीवरची नाटकी माणसं अजिबात चालायची नाहीत. ते जत्रेत रात्रभर संगीत नाटकं बघून वाढलेले, त्यांना तान पाहिजे नाहीतर तलवार. पण आबा आले की सुपारी कातरायची थांबायचे. एकदा म्हणाले, "हो नाटक करिना, हो घरांत बसला." म्हणजे हा नाटक करत नाही, हा घरात बसलाय. मी तेव्हा हसलो होतो. आता वाटतं की यापेक्षा बरं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

कारण नीट बघा, आबा अर्धा वेळ काही करतच नाहीत. बाकीची माणसं आपापल्या भानगडी घेऊन येतात, नातू शिऱ्याची काहीतरी नवीन आयडिया, शलाकाचं काहीतरी, आणि आबा नुसते ऐकतात, चष्म्याच्या वरून एकदा बघतात, आणि हशा तिथे असतो. विनोदी नटाला गप्प बसणं किती कठीण जातं हे ज्याने एकदा तरी स्टेजवर पाय ठेवलाय त्याला विचारा. समोरचा लाफ्टर घेतोय आणि आपण उभे, हात खाजवायला लागतात. माझा आपला अंदाज असा की ज्याने ती माणसं स्वतः लिहिलीत त्याला ही घाई नसते. त्याला माहीत असतं की शिऱ्यापण माझाच आणि सूनपण माझीच, हशा कोणी का घेईना, घरातच राहतो.

आता लोक म्हणतील की चिमणराव कसे विसरलास. विसरलो नाही, पण तो दूरदर्शनचा ब्लॅक अँड व्हाईट जमाना, सत्तरच्या दशकाची अखेर, आमच्या घरी टीव्हीच नव्हता. चि. वि. जोशींचा चिमणराव मला लायब्ररीच्या पुस्तकात भेटला, प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ खूप नंतर तुकड्या-तुकड्यांत बघितले. मला ओळखीचा होता तो 1993 च्या झपाटलेलामधला तात्या विंचू, ज्याला घाबरून मी एक आख्खा महिना रात्रीचा परसात गेलो नाही. बाहुली रामदास पाध्यांची, पण तो गुंड कोण ते मला कळलं तेव्हा आबा आणि तात्या एकच माणूस हे पटायलाच वेळ लागला. आणि मग 2006 ला लगे रहो मुन्नाभाईत गांधीजी! त्यावर्षीचं सहाय्यक अभिनेत्याचं नॅशनल अवॉर्ड मिळालं, शेवरी आणि मुन्नाभाई दोन्ही मिळून. मधे कधीतरी मुलांसाठी बोक्या सातबंडे पण लिहून टाकला.

तर माझी मिशी.

हसवाफसवी हे त्यांनी स्वतः लिहिलेलं नाटक, त्यात सहा भूमिका त्यांच्याच, त्यातली एक तर बाईची. मी ते बघितलेलं नाही. मुंबईच्या मामाने बघितलेलं आणि मे महिन्यात आला की जेवणानंतर तो तासभर करून दाखवायचा. त्या ऐकीव भांडवलावर 2003 मधे मी ठरवलं की यंदा उत्सवाला आपण स्वतःच एक प्रहसन लिहायचं आणि पाच भूमिका आपणच करायच्या. सहा नाही हं, मर्यादा पाळली. पोरं तयार झाली कारण पाठांतर माझंच जास्त होतं.

आमच्याकडे पालखी झाली की मग नाटक, म्हणजे पडदा वर जायला रात्रीचा एक. अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या खोलीत एक ट्यूबलाईट, एक आरसा, आणि मेकअपमन दुसऱ्या गावची पार्टी पण त्याच रात्री घेऊन बसलेला, तो माझ्या दुसऱ्या भूमिकेनंतर स्कूटरवर बसून गेला. ड्रेपरीवाल्याने दिलेली क्रेपची मिशी मी स्वतःच लावली. स्पिरिट गम जास्त झाला, बोटाला चिकटली, सोडवली, परत लावली, बाहेर एंट्रीची घंटा, धावलो. मी फौजदार होतो. पहिल्या वाक्याच्या आधीच हशा. मला वाटलं वा, चालण्यात टायमिंग आलं आपल्या! मग दुसरा हशा, तिसरा, आणि समोर कारकून झालेला आमचा मित्र माझ्याकडे न बघता विंगेत बघून वाक्यं बोलतोय. मिशीची टोकं खाली, थेट हनुवटीकडे, फौजदार कसला, पाण्यातून काढलेला मांजर. आणि मी काय केलं, तर त्या हशाला भुलून आणखी ओरडायला लागलो, लिहिलेलं सोडून भलतंच बोललो, कारकुनाची दोन चांगली वाक्यं मी खाल्ली. ती वाक्यं मीच लिहिली होती!

हल्ली हास्यजत्रेत समीर चौघुले, प्रसाद खांडेकर वगैरे मंडळी स्वतः लिहितात आणि स्वतः करतात, ते बघताना मला त्यांचं कौतुकच वाटतं, इतक्या भराभर स्किट पाडायची म्हणजे गंमत नाही. पण कधी कधी स्टेजवरचा नटच आधी हसून घेतो तेव्हा मला माझा तो फौजदार दिसतो आणि मी चॅनेल बदलतो. माझा प्रॉब्लेम असेल.

आजोबा त्या रात्री शेवटपर्यंत बसले होते, मागच्या खांबाला टेकून. घरी येताना बॅटरी त्यांच्या हातात, एक शब्द बोलले नाहीत. मी पण विचारलं नाही. म्हणून ट्रंकेत 2003 ची वही दिसल्यावर मी आधी तेच पान शोधलं.

"उत्सव. नातवाचे नाटक पाहिले. मिशी उलटी. कारकून बरा होता. पाडेली उद्या येतो म्हणाला."