भाचीचे सहा एरर

रविवारी सांगलीत विश्रामबागेतल्या मैदानावर सामना संपला आणि भाची घाम पुसत सरळ माझ्यासमोर येऊन उभी. "मामा, तो एरर का लिहिलास? दुसरं कोण पोचलं असतं का तिथं?"

तिच्या सॉफ्टबॉल संघाची स्कोअरची वही माझ्याकडं असते. एरवी मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. हिला शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभं करतात, वहीत तिचा आकडा ६. चेंडू तिसऱ्या बेसच्या अंगानं सरपटत निघाला होता. ती उजवीकडं तीन-चार पावलं धावली, डावा हात उलटा टाकून ग्लोव्हमध्ये घेतला, आणि काढताना तो निसटून बुटावर पडला. मी 'ई ६' लिहिलं. साधारण प्रयत्नात आउट व्हायला हवा होता असं स्कोअररला वाटलं तरच एरर द्यायचा. तेव्हा वाटलं. आता तेवढी खात्री नाही.

आठ सामन्यांत तिचा हा सहावा. संघाच्या सरांचं म्हणणं, तिला तिथून हलवू या, आपल्या फर्स्ट बेसच्या पोरीचा बघा, एकसुद्धा नाही. अहो, फर्स्ट बेसला बहुतेक चेंडू फेकलेले, हातात येणारे. राजापुरी हळदीच्या भावानं परपेठ हळद तोलण्यातला हा प्रकार. शॉर्टस्टॉप शॉर्टस्टॉपशीच ताडायची.

बरं, टक्केवारी काढली तरी भागत नाही. फिल्डिंगची टक्केवारी म्हणजे पुटआउट (स्वतः पुरा केलेला आउट) आणि असिस्ट (चेंडू फेकून दुसरीला करून दिलेला आउट) यांची बेरीज, भागिले तीच बेरीज अधिक एरर. ज्या चेंडूपर्यंत खेळाडू पोचलाच नाही, तो या हिशेबात कुठंच येत नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलचे दोन शॉर्टस्टॉप घ्या. ऑझी स्मिथची कारकिर्दीतली टक्केवारी ०.९७८, डेरेक जेटरची ०.९७६. कागदावर सख्खे भाऊ! पण बेसबॉलच्या आकड्यांवर लिहिणाऱ्या बिल जेम्सनं रूढ केलेला रेंज फॅक्टर, म्हणजे सामन्यामागं किती आउटमध्ये हात लागला, तो लावला की स्मिथ पाचाच्या वर जातो आणि जेटर चारच्या आसपास राहतो. १९८० साली स्मिथनं १५८ सामन्यांत २८८ पुटआउट आणि ६२१ असिस्ट केले, म्हणजे सामन्याला ५.७५. त्याच वर्षी त्याचे एरर होते २४. त्याला बाजूला करा असं कोणी म्हटलं नसावं. जेटरलाही फिल्डिंगचं बक्षीस, गोल्ड ग्लोव्ह, पाचदा मिळालंय म्हणा. पण १९९९ मध्ये राफाएल पाल्मेरोला फर्स्ट बेसवर जेमतेम २८ सामने खेळून ते मिळालं होतं, तेव्हा त्या बक्षिसाचं मी फार मनावर घेत नाही.

मग रात्री जेवण झाल्यावर वही उघडली. आमच्याकडं कुठली आलीय लीगची सरासरी? त्या आठ सामन्यांत समोरच्या संघांच्या शॉर्टस्टॉप होत्या, त्यांचीच बेरीज धरली. भाचीचे पुटआउट-असिस्ट ३६, एरर ६. त्यांचे सगळ्यांचे मिळून २३, एरर ३. तेरा आउट जास्त! बायकोला हाक मारून सांगितलंसुद्धा.

पण दिवाणजीची खोड, बेरीज उलटी तपासायची. आमची पिचर स्ट्राइकआउट, म्हणजे फिल्डरांशिवाय चेंडू टाकूनच घेतलेले आउट, कमी काढते. आठ सामन्यांत ३१. समोरच्यांनी काढले ५८. सामन्याला सात डाव, डावाला तीन आउट, याप्रमाणं दोन्हीकडं १६८ आउट धरले, तर आमच्या फिल्डरांच्या वाट्याला १३७ येतात आणि त्यांच्या ११०. म्हणजे भाचीकडं चेंडूच जास्त जातात. त्या प्रमाणात मोजलं तर सरासरी शॉर्टस्टॉपनं आमच्या संघात २९ च्या आसपास काढले असते आणि एरर केले असते चारेक. तेरावरून आकडा सातावर आला, वर दोन एरर जादा. बायकोला हे सांगायला पुन्हा हाक मारली नाही.

तरी सात म्हणजे काही कमी नाहीत. आठच सामने, त्यात स्कोअरर मामा, म्हणून सरांनी जरा हातचं राखूनच धरावं. अमेरिकेत २०१५ पासून मोठ्या लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्टची यंत्रणा आहे; फिल्डर किती धावला तेही तिथं मोजतात. आमच्याकडं मी आणि भडंगाचा पुडा.

सोमवारी कागद सरांना दिला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला, ३१ आणि ५८ वर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे पिचर बदलू म्हणताय का?"

'ई ६' मी खोडलेलं नाही. भाची दोन दिवस बोलत नव्हती.