पिवळ्या पोराच्या मागावर, ओहायोत

भाच्याकडे कोलंबसला गेलो, तो तिथल्या विद्यापीठातलं बिली आयर्लंड कार्टून संग्रहालय बघायला. निदान घरी मी तसंच सांगितलं होतं. खरा डोळा होता एका बिल्ल्यावर. सोड्याच्या बाटलीच्या बुचाएवढा बिल्ला आणि त्यावर पिवळ्या झग्यातलं टकलं पोरगं.

हा 'यलो किड'. रिचर्ड औटकॉल्टने 1895 पासून 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात तो रंगवला. गरीब वस्तीतल्या या पोराचं बोलणं फुग्यात नसतं, झग्यावरच लिहिलेलं असतं. 1896 मध्ये वृत्तपत्रमालक हर्स्टने औटकॉल्टला आपल्या 'जर्नल'मध्ये ओढलं, तर 'वर्ल्ड'ने दुसऱ्या चित्रकाराकडून तेच पोरगं रंगवून घेणं चालू ठेवलं. एकाच शहरात दोन पिवळी पोरं! वर सिगारेट, बिस्किटं, च्युइंगगम, सगळ्यांवर तोच. आणि हा औटकॉल्ट जन्मला कोलंबसपासून तासाभराच्या आत असलेल्या लँकेस्टरला.

संग्रहालयाला तिकीट नाही. वाचनकक्षात यलो किडचं पेपरातलं एक पान आधी मागवून ठेवलं होतं. समोर आलं आणि मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. लहानपणी पेपरातली चित्रं कापून वहीत चिकटवायचो, आई उरलेला पेपर रद्दीत घालायची. इथे अख्खं पान, सतरंजीएवढं. लाकडाच्या लगद्याचा कागद, कडा बिस्किटासारख्या सुटत चाललेल्या. सगळंच पान पिवळं पडलेलं, तरी झग्याचा पिवळा वेगळा कळत होता.

ही पानं टिकली ती बिल ब्लॅकबिअर्ड या एका वेड्या माणसामुळे. ग्रंथालयं काळ्या-पांढऱ्या मायक्रोफिल्मवर पेपर उतरवून मूळ बांधीव खंड टाकून देत होती, तेव्हा हा ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या घरात भरत गेला. 1998 मध्ये ते सारं कोलंबसला आलं: सहा ट्रेलर, 75 टन. त्याच्या घरच्यांची मला फार दया आली.

शनिवारी स्प्रिंगफील्डच्या जुन्या बाजारात गेलो. दोन्हीकडे मका, मध्ये पाऊण तासाचा रस्ता. तिसऱ्या रांगेत काचेच्या पेटीत पोरगं दिसलं. साठ डॉलर. छाती धडधडायला लागली.

"मामा, चेहरा पाडा जरा," भाचा कुजबुजला. "तुम्हाला बघून तो शंभर सांगेल."

बिल्ला उलटा केला. सिगारेटच्या जाहिरातीच्या या बिल्ल्यांच्या पाठीत छापील कागद बसवलेला असतो. इथे नुसता चकचकीत पत्रा. कागद गळूनही पडतो म्हणा, पण सव्वाशे वर्षांचा पत्रा इतका चकचकीत? विक्रेता म्हणाला, "ओरिजनल." मी ठेवून दिला. जड गेलं, खोटं कशाला बोलू.

मग शेजारच्या टेबलावर 'बस्टर ब्राऊन' बुटांची पत्र्याची शिट्टी मिळाली. हेही औटकॉल्टचंच पोरगं, 1902 चं. पण हे श्रीमंताघरचं, नीट भांग पाडलेलं. 1904 च्या सेंट लुईसच्या प्रदर्शनात औटकॉल्टने याचं नाव वापरायचे हक्क बऱ्याच कारखानदारांना विकले, म्हणून याच्या वस्तू त्या मानाने स्वस्त. बारा डॉलर मोजले.

शिट्टी वाजत नाही. भाच्याने पेट्रोल पंपावर दोनदा फुंकून पाहिली. ओठ तेवढे गंजाने तांबडे झाले.