आमची वाटचाल: आधी तिकिटाची पाठ, मग किंमत

नागपूरच्या सीताबर्डीतल्या आमच्या छोट्या पेढीत सुरुवातीला जुन्या टपाल तिकिटांचे मूल्यांकन म्हणजे कॅटलॉग, म्हणजे किमतींची छापील यादी, उघडून आकडा सांगणे एवढेच होते. ती पद्धत आम्ही मोडीत काढली. कॅटलॉगमधला आकडा चांगल्या प्रतीचा, तोही विक्रेत्याने मागायचा. आता तिकीट हाती आले की आधी चिमट्याने उलटे करतो.

कोऱ्या, म्हणजे न वापरलेल्या, तिकिटाची किंमत बरीचशी डिंकावर असते. मूळ डिंक तिकिटे सुटी करण्याची छिद्रे पाडण्याआधी लागलेला असतो, म्हणून कडेच्या दातांची टोके मऊ, तंतुमय राहतात. नंतर डिंक चढवला तर तो तंतूंत मुरतो आणि टोके कडक होतात. हिंजची (तिकीट आल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीची) खूण, पातळ झालेली जागा, मोडलेला दात, प्रत्येकामागे भाव उतरतो. पातळ जागा उजेडासमोर धरली की दिसते.

गांधीजींची १५ ऑगस्ट १९४८ ची चार तिकिटे आमच्याकडे फार येतात: दीड आणे, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. संचाची जवळजवळ सगळी किंमत दहा रुपयांच्या तिकिटात, म्हणून नकलाही त्याच्याच. हा संच स्वित्झर्लंडच्या कूर्वोझिए या छापखान्याने फोटोग्रॅव्हूर या छपाई पद्धतीने छापला. छिद्रमाप साडेअकरा, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा छिद्रे. साध्या ऑफसेट छपाईच्या नकलेत दहापट भिंगाखाली ठिपके भरड दिसतात. जलचिन्ह (कागदातच उमटवलेली खूण) पाहायला वापरतात ते बेंझिन या तिकिटांना मुळीच लावू नये, फोटोग्रॅव्हूरची शाई बिघडू शकते. सरकारी वापरासाठीची ‘सर्व्हिस’ छाप असलेले गांधी तिकीट तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय आम्ही खरे धरत नाही.

१८५४ चे चार आण्यांचे तिकीट पाहताना कात्री कशी चालली ते बघावे. त्याला छिद्रे नव्हती. चौकोनी कापून चारही बाजूंना समास राहिला असेल तर भाव वेगळा. चित्राच्या अष्टकोनी कडेने कापले असेल तर तो कितीतरी खाली येतो. राजनांदगाव संस्थानाची १८९१ पासूनची तिकिटेही अशीच बारकाईने तपासावी लागतात, कारण त्यांची पुनर्मुद्रणे भरपूर आहेत.

नागपूरचा उन्हाळा तिकिटांना सोसत नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात डिंक आक्रसतो, तिकीट सुरळी होते आणि दाबून सरळ करायला गेले की डिंकाला भेगा पडतात. पावसाळ्यात तोच डिंक ओल ओढतो; तिकिटे एकमेकांना चिकटतात, दातांवर तपकिरी डाग येतात. पीव्हीसी प्लॅस्टिकचे पाकीट टाळावे. ग्लासीन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद पानांमध्ये घालून आल्बम उभा ठेवावा, आडवी चळत नको.

मूल्यांकनाला आणताना जुन्या लिफाफ्यावरचे तिकीट सोडवू नका. टपालाचा स्पष्ट शिक्का, मार्ग आणि तारीख यांसह तो लिफाफा सुट्या तिकिटापेक्षा बहुधा जास्त किमतीचा ठरतो, आणि एकदा भिजवले की ते सगळे गेले.