आवराआवरीचा ऑक्टोबर

न्यू जर्सीतल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘गार्डन स्टेट’ असे छापलेले असते, आणि वर्षातले पाच महिने तरी ते धादांत खोटे असते. ऑक्टोबरचा उत्तरार्ध लागला, की राज्याच्या मध्य भागात एखाद्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पारा शून्याला टेकतो आणि उन्हाळाभर पोसलेली परसबाग सकाळपर्यंत काळी पडते. महाराष्ट्रात बाग अशी बंद होत नाही. तिथे पावसाळी काकडी-दोडक्याचे वेल वाळले, की त्याच मांडवाखाली मेथी आणि कोथिंबीर पेरली जाते. एक हंगाम दुसऱ्याच्या हाती वाफा सोपवतो आणि बागेची हौस असलेल्या माणसाला सुट्टी अशी मिळतच नाही. इथे मात्र बाग बंद करावीच लागते. ती कशी करायची, याबद्दल माझे मत इथल्या काही हिवाळ्यांनंतर पक्के झाले आहे. जे उचलून घरात आणायचे ते वेळेवर आणावे, आणि बाकीची बाग शक्य तितकी कमी आवरावी.

हे मत मराठी घरात मांडणे सोपे नाही, कारण नेमक्या याच दिवसांत दिवाळीची साफसफाई सुरू असते. माळे, कपाटे, पंख्यांची पाती झाली, की नजर मागच्या अंगणाकडे वळते, आणि तिथे सुकलेले दांडे, लोंबणारे वेल, मेपल आणि ओकच्या पानांचा घोटाभर थर असे सगळे दिसले, की हात शिवशिवतात. शेजाऱ्यांचे हिरवळीचे तुकडे पान न पान उचलून चकचकीत केलेले असतात, त्यामुळे आपल्या अंगणाची थोडी लाजही वाटते.

आधी घरात आणायच्या गोष्टींकडे वळू, कारण तिथे चालढकल परवडत नाही. पहिला मान कढीपत्त्याचा. रात्रीचे तापमान दहा अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले, म्हणजे इथल्या भाषेत पन्नास फॅरनहाइट झाले, की कुंडी आत आली पाहिजे. आणण्यापूर्वी पानांची खालची बाजू साबणाच्या पातळ पाण्याने पुसावी, नाहीतर खवले कीड आणि मावाही आपल्याबरोबर हिवाळा घालवायला येतात. आत आल्यावर झाड बरीच पाने गाळते. तो उजेड कमी पडल्याचा परिणाम असतो, पण ते पाहून माणसे काळजीने जास्त पाणी घालतात आणि मुळे कुजवून बसतात.

तुळशीचा प्रश्न वेगळा आहे. तिला फ्रॉस्ट, म्हणजे पारा शून्याला टेकवणारी ती रात्रीची थंडी, मुळीच सोसत नाही, आणि तिचे लग्न कार्तिकात म्हणजे बहुतेक वर्षी नोव्हेंबरात येते, तोवर इथे बाहेरची कोवळी झाडे संपलेली असतात. मंडप उभारायचा तर वधू आधी वाचवायला हवी. मोठे रोप मंजिऱ्या धरून दमलेले असते, म्हणून सप्टेंबरातच एक-दोन कोवळे शेंडे खुडून पेल्यातल्या पाण्यात ठेवावेत. त्यांना सहज मुळे फुटतात, आणि हॉलमधल्या खिडकीशी छोट्या कुंडीतल्या तुळशीचे लग्न ऊस, चिंचा, आवळ्यांसह यथासांग लागते. ऊस भारतीय दुकानातून आणावा लागतो, एवढेच.

अळूच्या बाबतीत दोन घाई एकमेकींच्या विरुद्ध असतात. वड्यांसाठी पाने फ्रॉस्टच्या आधी कापली पाहिजेत, आणि कंद मात्र फ्रॉस्टने उरलेली पाने करपल्यानंतरच खणलेला बरा. त्यामुळे हवामानाच्या अंदाजावर डोळा ठेवावा लागतो. अंदाजात दोन-तीन अंश सेल्सिअस लिहिले, तरी गाफील राहण्यात अर्थ नाही. हवेचे तापमान जमिनीपासून चार-पाच फुटांवर मोजतात, आणि ढग नसलेल्या शांत रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून जाऊन तिच्यालगतची हवा त्याहून थंड होते. अशा रात्री ओळखीच्या अनेक स्वयंपाकघरांत उशिरापर्यंत अळूवड्यांचे उंडे उकडत असतात. मग खणलेले कंद चार दिवस वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून तळघराच्या थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवावेत. डेलियाचे कंदही तिथेच आणि तसेच.

हिरव्या टोमॅटोंचे ढीग ही या महिन्याची आणखी एक ठरलेली अडचण. जे पूर्ण वाढून किंचित पांढुरके झाले आहेत, ते घरात पिकतात. त्यांना ऊन नको असते, फक्त ऊब लागते, आणि शेजारी एक पिकलेले केळे ठेवले, तर त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे काम लवकर होते. फ्रिजमध्ये ठेवले, तर पिकणे अडते आणि चवही जाते. जे गडद हिरवे आणि कडक आहेत, त्यांची तीळ, शेंगदाणे, लसूण आणि मिरची घालून चटणी करावी. मला विचाराल, तर लाल टोमॅटोपेक्षा ती चटणी हेच टोमॅटो लावण्याचे खरे कारण आहे.

आता न आवरण्याविषयी. आपल्याकडे मे संपता संपता लोक मुंबई-पुण्याहून रात्रीचा प्रवास करून भंडारदऱ्याला काजवे पाहायला जातात. न्यू जर्सीत जून-जुलैच्या संध्याकाळी ते मागच्या अंगणातच चमकतात. पण काजवा म्हणून आपण पाहतो ते त्याचे शेवटचे काही आठवडे असतात. त्याआधी एक-दोन वर्षे तो अळीच्या रूपात जमिनीत आणि ओलसर पालापाचोळ्याखाली राहून गोगलगायी आणि गांडुळे खात असतो. ऑक्टोबरात आपण हा पाचोळा कागदी पिशव्यांमध्ये भरून रस्त्याच्या कडेला ठेवतो आणि टाउनशिपची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गाडी तो घेऊन जाते, तेव्हा पुढच्या वर्षीच्या काजव्यांतले काही त्याच पिशव्यांतून जातात. उन्हाळ्यात ‘हल्ली पूर्वीसारखे काजवे दिसत नाहीत’ म्हणणारे आणि शरदात अंगण घासूनपुसून घेणारे हे पुष्कळदा एकाच घरातले असतात.

लूना नावाच्या सुंदर फिकट हिरव्या पतंगाचे कोषही पानांत गुंडाळलेले असतात. बंबलबी नावाच्या गुबगुबीत मधमाश्यांच्या राण्या पानांखालच्या मातीत हिवाळा काढतात, आणि काही एकांड्या मधमाश्या पोकळ दांड्यांमध्ये. कीटकांच्या संरक्षणासाठी काम करणारी झर्सीस सोसायटी म्हणूनच पाने राहू द्या, असे दर शरदात सांगते. इकिनेशिया या फुलझाडाची काळी पडलेली बोंडे दिसायला वाईट असली, तरी त्यातले बी टिपायला गोल्डफिंच हे छोटे पक्षी येतात. दांडे वसंतात कापले तरी चालते, आणि तेही बुंध्यापासून न कापता वीतभर-दोन वीत राखून, कारण मधमाश्यांची पुढची पिढी त्याच खुंटांत घरटी करते.

याचा अर्थ काहीच करू नये, असा मात्र नाही. टोमॅटोची करप्याने डागाळलेली पाने आणि वेल उचलून टाकलेच पाहिजेत, कारण पानांवर ठिपके पाडणाऱ्या काही बुरश्या त्या कचऱ्यातच हिवाळा काढतात. घेवड्याचे वेल मात्र उपटू नयेत. जमिनीलगत कापून मुळे मातीत राहू द्यावीत. हिरवळीवर पानांचा जाड थर राहिला, तर गवत मरते, म्हणून ती पाने ओढून वाफ्यांवर आणि झाडांच्या बुंध्यांशी पसरावीत. बाहेरच्या नळाला जाणारे पाणी आतून बंद करून पाइप रिकामा करणे तर विसरूच नये, कारण पाणी गोठताना जवळपास नऊ टक्क्यांनी फुगते, आणि फुटलेल्या पाइपची बातमी मार्चमध्ये तळघरातून येते.

आवराआवरीच्या या दिवसांत एकच लावणी होते, ती लसणाची. ऑक्टोबरच्या अखेरीस पाकळ्या टोक वर ठेवून दोन इंच खोल पुरायच्या आणि वरून ती ओढून आणलेली पाने पांघरायची. या लसणाला थंडी लागतेच, तिच्याशिवाय गड्डा नीट पाकळ्या धरत नाही. जूनमध्ये त्याला वेटोळे घेतलेले हिरवे दांडे येतात, ज्यांची भाजी परतून फार चांगली होते, आणि जुलैत लसूण निघतो.

राहता राहिला वाल. हा वेल इथे मे महिन्यात पेरला, तर जोमाने मांडवभर पसरतो आणि सप्टेंबरपर्यंत एक फूल दाखवत नाही. दोष खताचा किंवा मातीचा नसतो. आपल्याकडचे बरेच जुने वाण दिवस लहान होण्याची वाट पाहतात. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, तर इथे तो पंधरा तासांचा. मग शेंगा धरू लागतात न लागतात, तोच फ्रॉस्ट येतो, आणि पापडीचा मांडव नुसत्या पानांचा ठरतो. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने दिवसाच्या लांबीची फिकीर न करणारे, झुडपासारखे वाढणारे अर्का जय आणि अर्का विजय हे वाण काढले आहेत, पण भारतातून बी आणायचे, तर परवाना किंवा रोगमुक्ततेचा दाखला लागतो. त्यामुळे मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही काही जण फराळाच्या टेबलाच्या एका टोकाला लग्नपत्रिकांच्या जुन्या पाकिटांत घोसाळी, दुधी आणि गवारीचे बी घेऊन बसतो, आणि लवकर फुलणारा वाल कुणाला इथेच मिळाला आहे का, याची चौकशी करतो. या वर्षी एका काकूंनी होकारार्थी मान हलवली, पण पाकीट काढण्याआधी त्यांनी माझ्याकडून अळूचे दोन कंद कबूल करून घेतले.