प्रत्येकाच्या हातात भिंग: आमची वाटचाल

आम्ही शाळांच्या मुलांना विज्ञान सहलींना नेतो. आमच्या पहिल्या सहलीला 120 मुलं होती आणि सूक्ष्मदर्शक एकच. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठी टेबल मांडलं, काचपट्टीवर पाण्याचा थेंब ठेवला आणि रांग लावली. एकेकाच्या वाट्याला जेमतेम दहा सेकंदं आली. परतीच्या बसमध्ये सहावीतल्या एका मुलीला विचारलं, "काय दिसलं गं?" ती म्हणाली, "मॅडम, माझ्याच पापण्या दिसल्या." फोटो छान आले होते, शाळाही खूश होती. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

त्याआधी मी एका शाळेत कंत्राटी विज्ञान शिक्षिका होते. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कार्यालयात असायची. तपासणी आली की कपाट उघडायचं, धूळ झटकायची आणि पुन्हा कुलूप लावायचं. परीक्षानळी फळ्यावर काढून शिकवायची. हे मनाला पटेना, म्हणून नोकरी सोडली. आईने भिशीचे पैसे हातात ठेवले. त्यातून भिंगं, चुंबक, तापमापी असं सामान घेतलं आणि अंगणात उन्हाळी शिबिर सुरू केलं. हिशेबाची वही ह्यांनी सांभाळली, ती आजही त्यांच्याकडेच आहे.

पापण्यांचा तो प्रसंग घडल्यावर आम्ही एक नियम केला: एका वेळी 40 मुलं, त्यांच्यासोबत आमची चार माणसं, आणि दोन मुलांमागे एक साधन. दोन शाळांनी लगेच नकार कळवला. त्यांना तीन बसगाड्या भरून मुलं न्यायची होती. आणखी एका शाळेने सहल झाल्यावर पाच महिने पैसे दिले नाहीत. त्या दिवाळीत आम्ही घरी काही घेतलं नाही, पण सोबतच्या माणसांचे पगार चुकवले नाहीत. नियम काही बदलला नाही.

या नियमाला मोठा आधार मिळाला तो फोल्डस्कोपचा. मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी तयार केलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक घड्या घालून मुलं स्वतःच जुळवतात. आतलं भिंग इवलंसं, पण वस्तू 140 पट मोठी दिसते. आता तलावकाठी रांग लागत नाही. जोड्या-जोड्यांनी बसतात आणि "ए, हे पळून राहिलं बघ!" असा ओरडा सुरू होतो.

साधन महाग हवं असं मुळीच नाही. आंबिया बहाराच्या हंगामाची संत्री आली की आम्ही साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबायला देतो. सालीतल्या तेलाचे कण ज्योतीत पडून तडतडतात, ठिणग्या उडतात. नागपूरच्या मुलांनी जन्मभर संत्री खाल्लेली असतात, पण साल फेकून देण्याआधी कोणी निरखलेली नसते. हळदीच्या पाण्यात चुना टाकला की लाल रंग येतो, तो पाहिल्यावर एखादी मुलगी हमखास म्हणते, "आजी असंच कुंकू करायची."

खडकांची सहल माझी सगळ्यात आवडती. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसॉल्टची, म्हणजे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. रामटेकच्या वाटेवर मनसरला मात्र मँगनीज या धातूच्या खाणी. आम्ही एका हातात बेसॉल्टचा आणि दुसऱ्या हातात तेवढ्याच आकाराचा मँगनीजचा दगड देतो. दुसरा हात आपोआप खाली जातो. मग ताणकाटा आणि पाण्याची बादली समोर ठेवतो. घनतेची व्याख्या त्यानंतर सांगितली की मुलं ती पाठ करत नाहीत, ओळखतात.

आणि सावली! नागपूर साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे 23 सप्टेंबरच्या आसपास सूर्य सर्वांत उंच असताना 1 मीटर काठीची सावली 38-39 सेंटीमीटर पडते. मुलं कागदावर तो त्रिकोण काढून कोनमापकाने काठीच्या टोकाकडचा कोन मोजतात, आणि नकाशातला 21चा आकडा समोर येतो. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते, तो शून्य सावलीचा दिवस. तो इथे वर्षातून दोनदा येतो, पण दोन्ही वेळा अडचणीचा. 26 मेच्या सुमारास शाळांना सुट्टी आणि ऊन असं की डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडवत नाही. जुलैच्या 16-17 तारखेला शाळा भरलेल्या असतात, पण आभाळही भरलेलं. तरी आम्ही दर जुलैत एखादं मैदान गाठतोच.

मागच्या जुलैत 12 वाजेपर्यंत ढगच ढग होते. प्रत्येक जोडीपुढे एक रिकामा डबा उभा करून ठेवला होता. ड्रायव्हरभाऊ दोनदा हॉर्न वाजवून गेले. सातवीतला एक मुलगा काही केल्या उठेना. "दोन मिनिटं थांबा ना मॅडम." 12 वाजून 20 मिनिटांच्या आसपास ढग फाटला आणि ऊन थेट डोक्यावर आलं. त्याने डब्याभोवती सगळीकडून पाहिलं, सावली कुठेच नाही. मग तो मातीत पोटावर आडवा झाला आणि डबा जरासा उचलून खाली डोकावून बघू लागला.